वसतिगृहातील छळ आणि विनयाची शिकवण

निवासी शाळेच्या स्मरणिकेत सामान्यतः निकालांची चढती कमान, नव्या इमारती, क्रीडास्पर्धांतील पारितोषिके आणि उच्चपदी पोहोचलेले माजी विद्यार्थी यांचा गौरव केला जातो. तो यथार्थच असतो. तथापि निवासी शाळेचे यश मोजण्याची आणखी एक कसोटी आहे आणि ती कोणत्याही निकालपत्रकात उमटत नाही. रात्री दिवे मालवल्यानंतर त्या वसतिगृहातील सर्वांत लहान, सर्वांत दुबळे आणि सर्वांत नवे मूल निर्धास्तपणे झोपू शकते काय, ही ती कसोटी होय.

हा प्रश्न हळव्या मनाचा नाही. तो शिक्षण टिकण्याचा प्रश्न आहे. आपल्या निवासी शाळांत येणारी अनेक मुले त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढणारी पहिलीच असतात. कुणाचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात, कुणाचे वीटभट्टीवर असतात, तर कुणाला एकट्या आईने वाढवलेले असते. असे मूल मोठ्या मुलांच्या छळाला कंटाळून एके दिवशी घरी जाते आणि परत येत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिले जाते. खरे कारण कुठेच नोंदले जात नाही. एका कुटुंबाचा शिक्षणाकडे नेणारा रस्ता असा निमूटपणे बंद होतो. म्हणून या विषयाची शांतपणे आणि सविस्तर चर्चा करणे आवश्यक वाटते.

थट्टा, भांडण आणि छळ

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. मुले एकत्र राहिली की थट्टामस्करी होणारच आणि भांडणेही होणारच. दोन सारख्या ताकदीची मुले क्रिकेटच्या चेंडूवरून भांडतात आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवतात, त्याला छळ म्हणता येत नाही. थट्टेत दोघेही हसतात. ज्या क्षणी एकच बाजू हसू लागते आणि दुसरी मान खाली घालते, त्या क्षणी थट्टेची हद्द संपते.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणारे नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत. कृती हेतुपुरस्सर दुखावणारी असते, ती पुन्हा पुन्हा घडते आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असते. १९८२ मध्ये उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या व त्यांच्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसून आले. त्यानंतर १९८३ मध्ये त्या देशाने सर्व शाळांसाठी मोहीम हाती घेतली. बर्गन शहरातील सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांच्या पाहणीत छळाचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटल्याचे ओल्व्हेयस यांना आढळले. छळ हा बालस्वभावाचा अटळ भाग नसून मोठ्यांनी ठरवले तर तो कमी करता येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागील महिन्याभरात सोबत्यांकडून छळ अनुभवलेला होता. तेव्हा ‘आमच्याकडे असले काही नाही’ हे वाक्य कोणत्याही शाळेने जपूनच उच्चारावे.

बळाची असमानता केवळ दंडाच्या ताकदीची नसते. वय, इयत्ता, घरची सुस्थिती, बोलण्यातील चलाखी, शिक्षकांशी जवळीक, संख्या आणि जात ही सर्व बळाचीच रूपे आहेत. छळही केवळ मारहाणीचा नसतो. टोपणनाव पाडणे, पेटीतील खाऊ काढून घेणे, स्वतःचे कपडे धुवायला लावणे, कुणी बोलू नये असा हुकूम सोडून एखाद्याला वाळीत टाकणे, अंधारात घाबरवणे आणि आता मोबाईलवर एखाद्याचे छायाचित्र फिरवून त्याची विटंबना करणे, ही सर्व छळाचीच अंगे होत.

विनयपिटकातील दोन गट

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या विषयाकडे लक्ष दिले ते गेल्या पन्नास वर्षांत. परंतु एकत्र राहणाऱ्या समूहात थोरांनी लहानांना छळण्याचा प्रश्न किती जुना आहे आणि त्यावर किती बारकाईने विचार झाला होता, हे पाहायचे असेल तर विनयपिटक उघडावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला विनयपिटकाचे मोल विशेष वाटते, कारण त्यात संघाचे केवळ आदर्श चित्र नाही. माणसे एकत्र राहिली की जे जे घडते ते सारे त्यात नोंदले आहे.

विनयात भिक्खूंचे दोन गट वारंवार भेटतात. एक ‘छब्बग्गिय’, म्हणजे सहा जणांचा दांडगट गट. दुसरा ‘सत्तरसवग्गिय’, म्हणजे सतरा जणांचा गट. हे सतरा जण मूळचे राजगृहातील मित्र, वयाने लहान मुले. त्यांच्यातील प्रमुख मुलाचे नाव उपालि (विनयधर उपालि स्थविरांहून हा निराळा). आपल्यामागे याला सुखाचे जीवन कसे लाभेल, याचा विचार त्याचे आईवडील करत होते. लेखन शिकला तर बोटे दुखतील, हिशेब शिकला तर छाती दुखेल, सराफी शिकला तर डोळे दुखतील. भिक्खू झाला तर मात्र सुखात राहील, असे त्यांना वाटले. मुलाला वसतिगृहात ठेवताना आजचे आईवडीलही याहून निराळा विचार करत नाहीत. दोन वेळचे अन्न मिळेल, चार अक्षरे शिकेल आणि कष्टातून सुटेल, एवढीच त्यांची आस असते.

पुढे काय झाले तेही विनयात आहे. ही मुले संघात आली आणि पहाटेच्या अंधारात उठून ‘पेज द्या, जेवण द्या’ म्हणून रडू लागली. मोठ्या भिक्खूंनी समजूत घातली तरी त्यांचे रडणे थांबेना. त्यांनी अंथरुणे ओली केली, घाण केली. भगवान बुद्धांच्या कानी मुलांच्या रडण्याचा आवाज गेला आणि त्यांनी आनंदाला त्याविषयी विचारले. मुलांना शिक्षा झाल्याचे तेथे नाही. भूक, तहान, थंडी, उष्णता आणि कठोर बोलणे सोसण्याची क्षमता वीस वर्षांखालील व्यक्तीत नसते असे सांगून, वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी कुणालाही उपसंपदा देऊ नये असा नियम झाला. पहिल्या आठवड्यात अंथरूण ओले करणाऱ्या पाचवीतल्या मुलाला सर्वांसमोर उभे करणाऱ्या आजच्या एखाद्या वसतिगृहाने ही कथा अवश्य वाचावी.

या सतरा जणांना सहांच्या गटाने नाना प्रकारे छळले. सतरा जणांनी वर्षावासासाठी एक विहार खपून दुरुस्त केला. काम पुरे होईपर्यंत सहा जण थांबले आणि मग त्यांना तेथून हुसकून स्वतः राहू लागले. एकदा त्यांची पात्रे व चीवरे लपवून ठेवली. एकदा त्यांना भीती घालून रडवले. एकदा रागावून मारले. एकदा सतरांपैकी एकाला इतक्या गुदगुल्या केल्या की हसता हसता श्वास कोंडून तो मरण पावला. खोली बळकावणे, वस्तू लपवणे, भेडसावणे, मारणे आणि जिवावर बेतणारी ‘मस्करी’ ही यादी अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे, यावर सहसा विश्वास बसणार नाही.

नियम कसे घडले

या प्रत्येक प्रसंगातून एक स्वतंत्र नियम जन्मला आणि तो पातिमोक्खाच्या पाचित्तिय या भागात आजही आहे. या नियमांच्या घडणीतून शाळेने चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की रडणाऱ्याला विचारले गेले. मारल्याच्या प्रसंगी सतरा जण रडत असताना इतर भिक्खूंनी ‘का रडता?’ असे विचारले आणि त्यांनी मोकळेपणाने सांगितले. विचारणारे होते म्हणून सांगणारे निघाले.

दुसरी गोष्ट, नियम मोघम नव्हते. ‘सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे’ एवढ्यावर भागवले नाही. मारणे हा एक दोष, मारण्यासाठी हात उगारणे हा दुसरा, घाबरवणे हा तिसरा, जागेवरून हुसकणे हा चौथा. ज्या वसतिगृहाची नियमावली ‘शिस्त पाळावी’ या दोन शब्दांत संपते, तेथे कोणती कृती चूक आहे हे मुलाला कळत नाही आणि गृहपालालाही दाखवता येत नाही.

तिसरी गोष्ट, ‘मस्करीत केले’ हा बचाव नाकारला गेला. दुसऱ्याचे पात्र, चीवर, आसन, सुयांची डबी अथवा कमरेचा पट्टा लपवणे, मग ते हसण्यासाठी का असेना, दोषास्पद ठरवले गेले. दुखावल्या गेलेल्याचे दुःख मोजले गेले, दुखावणाऱ्याचे हसू नव्हे.

चौथी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. असत्य भाषणानंतर पाचित्तियातील दुसराच नियम अपमानकारक बोलण्याचा आहे. जात, नाव, गोत्र, काम, हस्तकौशल्य, रोग, शरीराची ठेवण अशा ज्या ज्या गोष्टींवरून माणसाला हिणवले जाते, त्यांची तेथे गणनाच केली आहे. याच प्रसंगी नंदिविसाल नावाच्या बैलाची जातककथा सांगितली जाते. तक्षशिलेच्या त्या बैलावर मालकाने शंभर गाड्या ओढण्याची हजार नाण्यांची पैज लावली. पण ऐन वेळी त्याला दुष्ट म्हणून हिणवले. बैल जागचा हलला नाही व मालक पैज हरला. पुढे बैलाच्याच सांगण्यावरून त्याने दोन हजारांची पैज लावली, गोड शब्दांनी त्याला गौरवले आणि शंभर गाड्या हलल्या. हिणवलेला प्राणी आपली शक्ती वापरू शकत नाही. वर्गात ज्याला रोज टोपणनावाने पुकारले जाते, त्या मुलाची बुद्धीही अशीच जागच्या जागी थिजते.

मुले हे कोठून शिकतात?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बालपणीच्या भीमरावांना वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि ते घरी परत आणावे लागे, कारण शाळेचा शिपाईही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ उघडण्यासाठी शिपाई यावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यास फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते बाजूला काढले, असा प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदला आहे.

त्या मुलांना डबे उचलण्यास कोणी शिकवले? त्या क्षणी कोणीही नाही. गोणपाट आणि नळ यांच्या व्यवस्थेने ते आधीच शिकवून ठेवले होते. छळ करणारी मुले मोठ्यांच्या व्यवस्थेचे वाचन करतात. कोणाला पुढे बसवले जाते, कोणाला झाडायला सांगितले जाते, कोणाच्या चुकीवर हसले जाते आणि कोणाची चूक माफ होते, हे मुले अचूक टिपतात आणि खोलीत जाऊन त्याचीच पुनरावृत्ती करतात.

येथे आपण आपल्याकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ज्यांनी अपमान सोसला ते दुसऱ्याचा अपमान करणार नाहीत असा कोणताही निसर्गनियम नाही. आपल्या विचारांच्या संस्थांतही पारधी, मातंग, आदिवासी किंवा भटक्या समाजातील मुलाला त्याच्या बोलीवरून, राहणीवरून चिडवले जाते. काळ्या रंगावरून, तोतरेपणावरून, वडिलांच्या धंद्यावरून, मुलींच्या वसतिगृहात मासिक पाळीवरून टोमणे मारले जातात. आडनाव विचारून समोरच्याची जागा ठरवण्याची खोड आपल्यातही शिरलेली आहे. भिंतीवर बाबासाहेबांचे तैलचित्र आहे म्हणून त्या भिंतीआड विषमता राहणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. वसतिगृहाला त्यांच्या कार्यात असे अग्रस्थान होते. वसतिगृह ही बंधुतेची पहिली प्रयोगशाळा आहे. तेथे बंधुता फसली तर संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन केवळ पाठांतर उरते.

छळाच्या जागा आणि वेळा

छळ सर्वत्र आणि सर्व वेळी होत नाही. त्याच्या ठरावीक जागा व वेळा असतात. अभ्यासिका सुटल्यापासून दिवे मालवेपर्यंतचा काळ, पहाटे आंघोळीच्या पाण्याची रांग, कपडे धुण्याची जागा, रात्री शौचालयाकडे जाणारा अंधारा रस्ता, जेवणाच्या रांगेत वाढपी मोठा विद्यार्थी असणे, रविवारची दुपार आणि सुटीवरून परतल्यानंतरचा पहिला दिवस, जेव्हा पेट्या चिवडा-लाडवांनी भरलेल्या असतात. या वेळी गृहपाल कोठे असतात, एवढे पाहिले तरी बराचसा उलगडा होतो.

म्हणून पहिला उपाय उपदेशाचा नसून रचनेचा आहे. शौचालयाच्या वाटेवर दिवा लावणे, प्रत्येक पेटीला कुलूप असणे, वाढण्याचे काम पाळीपाळीने व शिक्षकांच्या देखत करणे, लहान मुलांच्या खोल्या गृहपालाच्या खोलीजवळ ठेवणे आणि फेरीची वेळ रोज बदलणे, या साध्या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. मॉनिटरला दिलेला अधिकारही तपासला पाहिजे. नाव लिहिण्याचा अधिकार म्हणजे भीती विकण्याचा परवाना ठरू शकतो.

मूल बोलत का नाही?

पुष्कळ पालक म्हणतात, ‘काही असते तर त्याने सांगितले असते.’ अनुभव याच्या उलट आहे. सांगितले तर सूड उगवला जाईल ही भीती असते. चुगलीखोर म्हणून सर्वजण तोडतील ही दुसरी भीती. आपण दुबळे आहोत याची लाज वाटते. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण असते. आईवडिलांनी किती कष्टाने इथे ठेवले आहे हे ते मूल जाणते. आपण सांगितले तर ते शाळेतून काढून नेतील, म्हणून ते गप्प बसते. त्या मौनात समजूतदारपणा असतो, पण त्याची किंमत फार मोठी असते.

म्हणून मोठ्यांनी खुणा वाचल्या पाहिजेत. वस्तू वारंवार हरवणे, नेहमीपेक्षा अधिक पैसे मागणे, सुटी संपताना पोटात दुखणे, जेवताना एकटे बसणे, रात्री शौचास न जाणे व अंथरूण ओले होणे, गुण अचानक घसरणे, अंगावरील खुणांचे ‘पडलो’ एवढेच उत्तर देणे आणि पूर्वी बोलके असलेले मूल अबोल होणे, यांतील एखादी खूण योगायोग असू शकते. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर थांबून विचारले पाहिजे. ‘तुला कोणी त्रास देते का?’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘तुझ्या खोलीत कोणाला एकटे पाडले जाते?’, ‘जेवताना शेजारी कोण बसते?’ असे विचारले तर मुले बोलू लागतात.

पाहणाऱ्यांचे बळ

फिनलंडमधील अभ्यासक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की छळ हा दोघांमधील व्यवहार नसतो. त्यात काही जण छळणाऱ्याला साथ देतात, काही हसून प्रोत्साहन देतात, काही दूर राहतात आणि थोडेच पीडिताच्या बाजूने उभे राहतात. याच आधारावर तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी कार्यक्रम आखला व तो त्या देशात सर्वत्र पोहोचला. त्याचा गाभा असा, की छळणाऱ्याला हवी असते ती प्रतिष्ठा आणि ती त्याला हसणारे देतात. हसणे थांबले की छळाचा अर्धा मोबदला संपतो.

भगवान बुद्धांनी हे मुलांना साध्या प्रश्नातून समजावल्याचे उदानात आढळते. श्रावस्तीच्या वाटेवर काही मुले मासे पकडून त्यांना त्रास देत होती. भगवंतांनी त्यांना दटावले नाही. तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, दुःख तुम्हाला नकोसे असते का, असे विचारले. मुलांनी होकार दिला. मग जे तुम्हाला नको ते दुसऱ्याला देऊ नका, हा बोध आपोआपच झाला. वर्गातील पाहणाऱ्या मुलांना हाच प्रश्न विचारता येतो. सर्वांनाच मध्ये पडून भांडता येणार नाही. पण न हसणे, नंतर त्या मुलाजवळ जाऊन बसणे, जेवायला सोबत नेणे आणि मोठ्यांना कळवणे हे कोणालाही जमते. स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याला अडकवणे म्हणजे चुगली आणि संकटातल्याला सोडवण्यासाठी सांगणे म्हणजे कर्तव्य, हा फरक वर्षाच्या आरंभीच प्रत्येक वर्गात स्पष्ट केला पाहिजे.

शाळेने काय करावे?

तक्रार आली की बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी केल्या जातात आणि तिन्ही अपायकारक आहेत. छळणाऱ्याला सर्वांसमोर चोप देणे. त्यातून तो एवढेच शिकतो की ज्याच्या हातात बळ त्याने मारावे. दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावणे; असमान बळाच्या दोघांत असा समेट म्हणजे दुबळ्याची शरणागती असते. आणि पीडितालाच दुसऱ्या खोलीत हलवणे. त्यातून शिक्षा कोणाला झाली हे सर्वांना दिसते.

याऐवजी दोघांशी स्वतंत्र बोलावे, प्रथम पीडिताशी. काय, कोठे, केव्हा, कोण उपस्थित होते हे तारखेसह नोंदवावे. त्याच रात्रीपासून त्याच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी. छळणाऱ्याला त्याच्या कृतीची भरपाई करायला लावावी. घेतलेली वस्तू परत, मोडलेली दुरुस्त, आणि काही काळ लहानांवरील कोणताही अधिकार बंद. त्याच्याही घरची विचारपूस करावी. पुष्कळदा तोही कुणाचा तरी मार खाऊन आलेला असतो. अंगुलिमालासारख्यालाही तथागतांनी बदलाची वाट मोकळी ठेवली, हे विसरू नये. मात्र करुणेचा अर्थ डोळेझाक नव्हे. शेवटी, एका आठवड्याने, पंधरा दिवसांनी व महिन्याने पुन्हा चौकशी करावी. छळ बहुधा पहिल्या चौकशीनंतर थांबत नाही, लपतो.

प्रतिबंधासाठी विनयातीलच दोन प्रथा सहज उचलता येतील. पहिली पवारणा. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खू, आणि तोही ज्येष्ठांपासून सुरुवात करून, आपल्यात काही दोष पाहिला, ऐकला अथवा शंकिला असेल तर सांगावा अशी संघाला विनंती करतो. महिन्यातून एकदा वसतिगृहाची अशी सभा घ्यावी आणि प्रथम गृहपाल व शिक्षकांनी, मग दहावीच्या मुलांनी ‘आमच्याकडून कोणाला त्रास होतो का?’ असे विचारावे. जे उघड बोलणार नाहीत त्यांच्यासाठी चिठ्ठीची पेटी असावी आणि ती मुख्याध्यापकांनी स्वतः उघडावी.

दुसरी प्रथा उपाध्याय आणि शिष्य यांच्या नात्याची. विनयात शिष्य उपाध्यायाची सेवा करतो हे खरे. पण उपाध्यायाने शिष्याकडे पुत्रवत् पाहावे आणि शिष्य आजारी पडला तर त्याचीही सेवा करावी, अशी परतफेड तेथे सांगितली आहे. प्रत्येक नव्या मुलाला नववीतला एक दादा किंवा ताई नेमून द्यावी. त्या लहानग्याचे अंथरूण, वह्या, आजारपण आणि घरी फोन याची जबाबदारी तिच्यावर असावी. मोठेपण हे काम करून घेण्यात नसून सांभाळण्यात आहे, हे अशाने अंगवळणी पडते. शाक्य कुमार संघात आले तेव्हा त्यांनी विनंती केली, की आमच्या आधी उपालि न्हाव्याला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालि स्थविरांनी केले. लहानांच्या रक्षणाचे हे सर्व नियम आपल्यापर्यंत पोहोचवणारा मुखोद्गत ग्रंथ एका न्हाव्याचा होता, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे.

कायद्याचा आधार

पालकांना कायद्याची थोडी माहिती असावी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ पासून लागू आहे व त्याच्या कक्षेत वसतिगृहेही येतात. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, असे तो सांगतो; दोषी ठरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा प्रमुखही त्यात अडकू शकतो. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ म्हणून तो दडपणे हा स्वतंत्र गुन्हा होय. संकटातील कोणतेही मूल १०९८ या क्रमांकावर विनामूल्य फोन करू शकते. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असावा आणि त्याच्याजवळ मुलांना वापरता येईल असा फोन असावा.

पालक आणि माजी विद्यार्थी

पालकांनी भेटीच्या दिवशी केवळ गुण विचारू नयेत. मुलाला घेऊन एखाद्या झाडाखाली बसावे, त्याचे मित्र कोण ते विचारावे, त्याची पेटी पाहावी. त्याने काही सांगितले तर ‘तूही दोन ठेवून दे’ किंवा ‘इतके सोसायला शिक’ ही दोन्ही वाक्ये टाळावीत. ‘सांगितलेस हे बरे केलेस, तुझी शाळा सुटणार नाही’ एवढे आश्वासन प्रथम द्यावे. मग शिक्षकांना भेटावे आणि तक्रार लेखी द्यावी. आपलेच मूल छळणारे असल्याचे कळले तर त्याची बाजू घेण्याची घाई करू नये. त्याला वेळीच अडवणे हे त्याच्यावरचे प्रेमच आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे एक वेगळे सामर्थ्य आहे. ‘आम्ही पण मार खाल्ला, म्हणून तर घडलो’ असे स्नेहसंमेलनात हसत हसत सांगितले जाते आणि समोर बसलेला आठवीतला मुलगा ते परवानगी म्हणून ऐकतो. जे घडले ते पुस्तकांनी, शिक्षकांच्या कष्टांनी आणि आईवडिलांच्या घामाने घडले. जे माराने मोडले ते स्नेहसंमेलनाला येतच नाहीत. म्हणून त्यांची बाजू कधी ऐकू येत नाही. शक्य असल्यास प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या तुकडीतील मध्येच शाळा सोडून गेलेल्या एका मित्राचा शोध घ्यावा, त्याची विचारपूस करावी आणि त्याच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावावा. संस्थेला देणगी देण्याइतकेच ते मोलाचे दान ठरेल.

येत्या जूनमध्ये पुन्हा नवी मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन वसतिगृहाच्या दारात उभी राहतील. त्यांच्यातील कित्येक जण पहिल्या रात्री रडतील. त्या रडण्याला कोणता प्रतिसाद मिळतो, यावर त्यांचे शिक्षण टिकणे अवलंबून आहे. ‘का रडतोस?’ असे आपुलकीने विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक खोलीत तयार करणे, हे या शाळेच्या पुढील वर्षांचे कार्य ठरो.

भवतु सब्ब मंगलं.